काचेचं पोट

पोट तयार होतं. शेजारी शेजारी ठेवलेली चार काचेची भांडी, भोवती कोमट पाणी खेळवणारं आवरण, तळाशी गरगर फिरणारं चुंबक, वरून थेंबथेंब खाणं सोडणारा पंप, आणि आत हवेचा कणही शिरू नये म्हणून सतत बुडबुडणारा नायट्रोजन. माणसाच्या मोठ्या आतड्यात जे चालतं ते या चारही भांड्यांत चालणार होतं. अडचण एकच होती. आतड्यात राहणारे जंतू आणायचे कुठून? ते बाजारात मिळत नाहीत. माणसाकडूनच घ्यावे लागतात, आणि ज्या रूपात घ्यावे लागतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

हे काम जिच्या गळ्यात पडलं होतं ती त्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. घरी ती सून होती, आणि ही गोष्ट बरीचशी घरातच घडली, म्हणून आपणही तिला सूनच म्हणू.

तिचा विषय असा. दवाखान्यात बरेच दिवस अँटिबायोटिक घेतलेल्या रोग्याला कधी कधी भयंकर जुलाब लागतात. औषध आजाराचे जंतू मारतं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक उपद्रवी जंतू ऐसपैस पाय पसरतो. त्याच्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक द्यावं, तर पुन्हा तेच रामायण. विभागाच्या प्रमुख मॅडमना वाटत होतं की वनस्पतींच्या तेलांत याच्यावर काहीतरी सापडेल. त्या म्हणायच्या, झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून जंतूंशी लढायचा दारूगोळा ते अंगातच तयार करतं. आपण ज्याला सुगंध म्हणतो तो त्या दारूगोळ्याचा वास. त्यामुळे सुनेच्या टेबलावर छोट्या तपकिरी बाटल्यांची रांग लागली होती. लवंग, दालचिनी, पुदिना, गवती चहा, निलगिरी, शहाजिरे, आणखीही काही.

बाटल्या होत्या, भांडी होती, दाता नव्हता. दात्याने वर्षभरात अँटिबायोटिक घेतलेलं नको, रोजची कुठली गोळी नको, आणि पोट शहाण्यासारखं चालणारं हवं. प्रयोगशाळेत तिच्या शेजारी बसणारा सहकारी, ज्याला काम करताना शिट्टी वाजवायच्या सवयीमुळे सगळे शिट्टीच म्हणायचे, त्याची नुकतीच दाढ काढली होती आणि पाठोपाठ गोळ्यांचा कोर्स झाला होता. मॅडम पित्ताच्या गोळीवर जगत होत्या. बाकीच्यांपैकी कुणी लाजलं, कुणी हसलं, कुणी विषय ऐकताच फोन आल्यासारखं करून निघून गेलं.

संध्याकाळी जेवताना सुनेने हे घरी सांगितलं. घरात तिघंच. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे सासू, सासरे आणि ती. सासऱ्यांनी हातातला चमचा ताटात ठेवला.

"सूनबाई, जेवण होऊ दे की आधी."

"अहो, जेवणाचंच तर पुढे ते होतं," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "द्यायचं म्हणजे नक्की काय काय करायचं?"

सुनेने सांगितलं. सासऱ्यांनी ताट उचललं आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. तिथे त्यांचं चित्रांना चौकटी करण्याचं दुकान होतं. काच कापायचा सर्रर्र आवाज यायला लागला.

"माझं घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या. "गोळी म्हणून मी शेवटची कधी घेतली ते मला आठवतसुद्धा नाही. आणि पोटाचं म्हणशील, तर सकाळी माझ्यावरून लोकांनी घड्याळ लावावं."

वेळेची त्यांना सवयच होती. उभं आयुष्य त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात घालवलं होतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी स्थानकावर अजून त्यांचाच आवाज लागायचा. तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. घरातही त्या त्याच सुरात बोलायच्या. "चहा झालेला आहे. दुकानातल्या मंडळींनी हात धुऊन यावं." दुकानातली मंडळी म्हणजे सासरे एकटेच.

दुसऱ्या दिवशी रीतसर संमतीच्या कागदावर सही झाली, आणि त्या आठवड्यात सून बर्फ भरलेला एक बंद डबा मांडीवर घेऊन प्रयोगशाळेत गेली. कुणी विचारलं तर सांगायला तिने "औषधं आहेत" हे उत्तर ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.

काचेच्या पोटात जीव आला. पाणी तपकिरी झालं, बुडबुड्यांवर फेस धरला, आणि वास असा सुटला की समोरच्या खोलीतले लोक लांबच्या जिन्याने जायला लागले. शिट्टी म्हणाला, "तुझ्या सासूबाईंचा दरारा इथपर्यंत पोचला." सुनेने ते घरी जाऊन सांगितलं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून, ती दारात पाय ठेवायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा.

"कशी आहे माझी मंडळी?"

"मजेत. वाढतायत."

"खायला काय देतेस?"

"पिठूळ पाणी. बटाट्याचं स्टार्च, थोडी साखर, क्षार."

"बेचव असणार. तरी राहतात बिचारी."

एकदा त्या स्वतःच बघायला आल्या. मॅडमनी परवानगी दिली होती. सुनेने त्यांना पांढरा कोट घातला, तो गुडघ्याखाली आला. चारही भांड्यांसमोर त्या हात मागे बांधून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ही मी?"

"तुमच्यातला थोडा भाग."

"आणि यांना पत्ता नाही, की आपण बाहेर आहोत."

"हवा लागली नाही, ऊब मिळाली, खायला मिळालं, की त्यांना फरक पडत नाही."

"मग तुम्ही सासर चांगलं दिलंय म्हणायचं."

सुनेने त्यांना संगणकावर त्यांचा स्तंभ दाखवला. पोटातल्या जंतूंची तपासणी केली की कोण किती आहे ते एका उभ्या रंगीत स्तंभात दिसतं, एकेका कुळाला एकेक रंग. सासूबाईंच्या स्तंभात मधोमध एक रुंद हिरवा पट्टा होता. ते कुळ उपयोगी होतं. खाल्लेल्या कोंड्यातून ते आतड्याच्या अस्तराला लागणारं पोषण तयार करतं. एवढा रुंद हिरवा पट्टा शिट्टीने याआधी बघितला नव्हता. हे ऐकून सासूबाई कोट घातलेल्याच खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी स्तंभाचा एक छापील कागद मागून घेतला. घरी आल्यावर सासऱ्यांना त्याला चौकट करायला सांगितली. सासऱ्यांनी ती केली, पण लावली कपाटाच्या आत.

इकडे तेलांची पहिली चाचणी झाली. बशीत त्या उपद्रवी जंतूचा पातळ थर वाढवायचा, मधे तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची, आणि टिकलीभोवती किती जागा मोकळी राहते ते बघायचं. पुदिन्याभोवती जेमतेम रेघ उमटली. शहाजिऱ्याभोवती बोटाच्या नखाएवढं वर्तुळ. लवंगेच्या बशीत मात्र जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. ती बशी उजेडासमोर धरून सून काही वेळ नुसती बघत राहिली.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली ती बोलतच.

"म्हणजे लवंग जिंकली," सासूबाई म्हणाल्या.

"बशीत जिंकली, आई. बशी वेगळी, पोट वेगळं. माणसाने तेल प्यालं तर ते वरच्या वर शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. काचेच्या पोटात आम्ही ते थेट सोडणार, म्हणून निदान तिथे काय होतं ते कळेल."

"आणि खऱ्या पोटात?"

"ते फार पुढचं. त्याला वर्षं लागतील."

"काचेवरून पोटाबद्दल बोलायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखंच की."

"तसंच आहे थोडं," सुनेने कबूल केलं. त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या ही गोष्ट खरं तर लक्षात यायला हवी होती.

चारही भांड्यांत उपद्रवी जंतू सोडला. पहिल्या भांड्यात तेल नाही. दुसऱ्यात शहाजिऱ्याचं तेल. तिसऱ्यात लवंगेचं. चौथ्यात तुलनेसाठी नेहमीचं अँटिबायोटिक. शहाजिऱ्याला घ्यावं की नाही यावर वाद झाला होता. शिट्टीचं मत पडलं की एवढ्याशा वर्तुळाच्या तेलावर भांडं का अडवायचं. मॅडम म्हणाल्या, एक मोठा पहिलवान घेतलाय, तर एक किरकोळ शरीराचाही घेऊन बघू, नाहीतर शक्तीचाच उपयोग झाला की आणखी कशाचा ते समजणार नाही.

लवंगेच्या भांड्यात उपद्रवी जंतू बघता बघता नाहीसा झाला. शिट्टीने त्या दिवशी दोन गाणी सलग वाजवली. पण स्तंभ छापून आला तेव्हा तो थांबला. हिरवा पट्टा नव्हता. जिथे तो असायचा तिथे एक बारीक रेघ होती, आणि वरचे दोन राखाडी पट्टे फुगून खाली उतरले होते. तेल बंद केल्यावर आणखी वाईट झालं. हा उपद्रवी जंतू कठीण काळात बीजासारखा कवचात शिरून बसतो. लवंगेचा जोर ओसरताच तो कवचातून बाहेर आला, आणि त्याला अडवायला भांड्यात कुणीच शिल्लक नव्हतं. थोड्याच दिवसांत तिसऱ्या आणि चौथ्या भांड्यात फरक सांगता येईना.

दुसऱ्या भांड्यात मात्र काहीतरी वेगळं चाललं होतं. शहाजिऱ्याच्या तेलाने उपद्रव्याला मारलं नव्हतं. नुसतं थोपवून धरलं होतं; तेल नसलेल्या पहिल्या भांड्यात तो वाढतच गेला होता. हिरवा पट्टा जागच्या जागी होता, आणि तेल बंद केल्यावरही तो जंतू डोकं वर काढत नव्हता.

"याने त्याचा एक हात धरला," सून म्हणाली, "आणि बाकीचं काम आईंच्या मंडळींनी केलं."

"असं तुला वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करून बघ. ताजा नमुना आण, भांडी धू, पहिल्यापासून."

सुनेने ताजा नमुना आणला. भांड्यांत घालण्याआधी त्याचाही स्तंभ काढायचा असतो. तो आला तेव्हा शिट्टी तिच्या खुर्चीमागे उभा होता.

"तू नळ्यांची अदलाबदल केलीस," तो म्हणाला. "ही तिसऱ्या भांड्याची आहे."

हिरव्याच्या जागी रेघ. वर दोन फुगलेले राखाडी पट्टे. अगदी तसंच नव्हतं, पण भावंडं वाटावीत इतपत होतं. सुनेने नळीवरची खूण तपासली. नळी बरोबर होती. तपासणी पुन्हा केली, पुन्हा तेच आलं. मग तिने डब्यावर संशय घेतला, पण बर्फ शेवटपर्यंत टिकला होता. हवा शिरली असेल म्हणावं, तर झाकण तिने स्वतः लावलं होतं. आईंना ताप आला, जुलाब झाले, त्यांनी गोळी घेतली, असंही काही नव्हतं. संमतीच्या कागदाप्रमाणे ती दर वेळी विचारायची आणि त्या दर वेळी नाही म्हणायच्या.

"गोळी नाही," ती स्वतःशीच म्हणाली. तिने गोळीबद्दलच विचारलं होतं. दुसऱ्या कशाबद्दल विचारलंच नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या काही दिवसांत आईंचा आवाज बसला होता. सर्दी आहे म्हणाल्या होत्या, पण नाक कोरडं ठणठणीत. जेवण कमी झालं होतं. आणि एकदा भांडी घासताना त्यांनी सहज विचारलं होतं, की कॅप्सूलचं कवच पोटात किती वेळाने विरघळतं. तिने उत्तरही दिलं होतं, मोठ्या उत्साहाने.

ती लवकर घरी निघाली. सासरे दुकानात एका मोठ्या आरशाला पाठ लावत होते.

"बाबा, आई नवीन काही घेतायत का? औषध वगैरे?"

"औषध नाही घेत ती. तुला ठाऊक आहे." त्यांनी खिळा तोंडातून काढला. "त्या रिकाम्या कॅप्सूल मीच आणून दिल्या की. लहान आणि मोठ्या, दोन मापांच्या. सूनबाईला प्रयोगाला हव्यात म्हणाली. मिळाल्या ना तुला?"

सासूबाई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या. सुनेने दार लोटून घेतलं आणि त्यांच्या समोर बसली.

"आई, लवंगेचं तेल घेताय?"

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. "तुला वास आला?"

"वास नाही आला. स्तंभ आला."

"दिसलं त्यात?" बसलेल्या आवाजातसुद्धा कुतूहल लपत नव्हतं. "म्हणजे खाली पोचलं. मला तेच कळत नव्हतं, पोचतंय की नाही. तू म्हणालीस ना वरच शोषलं जातं, म्हणून मी बाजारातून आणलेलं तेल लहान कॅप्सूलमध्ये भरलं आणि ती मोठीमध्ये घातली. दोन दारं ओलांडेपर्यंत बरंच पुढे जाईल असा हिशेब होता."

 सुनेला राग आला होता, भीतीही वाटत होती, आणि या दोन्हींच्या तळाशी, नको असतानाही, तिला ती दोन दारांची युक्ती पटली होती.

"घसा कशाने भाजला?"

"एक अडकली आणि तिथेच फुटली. निखारा गिळल्यासारखं झालं. पण एकच अडकली."

"पोटात दुखतं?"

"जळजळतं. मला वाटलं, जंतू मरतायत म्हणून होत असेल."

"पण कशासाठी, आई? तुम्हाला आजार नाही, काही नाही."

सासूबाईंनी घडी बाजूला ठेवली. "तू म्हणालीस वर्षं लागतील. तुमची ती भांडी बोलत नाहीत. मी बोलू शकते. म्हटलं, आपणच बघावं काय होतं, आणि निकाल लागला की तुला सांगावं. तुझं काम सोपं झालं असतं."

"निकाल लागलाय." सुनेने फोनवर दोन्ही स्तंभ उघडून त्यांच्या हातात दिले. डावीकडे जुना, उजवीकडे नवा.

त्यांनी चष्मा लावला. फोन जवळ घेतला, मग लांब धरला. दोन्ही स्तंभांवरून बोट फिरवलं.

"माझी हिरवी कुठे गेली?"

सुनेने तेव्हा त्यांना तिसऱ्या भांड्याचं सगळं सांगितलं, जे तिने निकाल पक्का होईपर्यंत घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं.  शेवटी चष्मा काढून सासूबाई म्हणाल्या, "तू मला अर्धीच गोष्ट सांगितली होतीस. आणि मी अर्धीवरच गाडी सोडली."

संध्याकाळी तिघं डॉक्टरांकडे गेली. घशात आणि जठरात आग झाली होती, रक्ताच्या तपासणीत यकृतावरही थोडा ताण दिसला. असली तेलं शुद्ध स्वरूपात पोटात घेणं विषासारखंच असतं, वास कितीही घरगुती वाटला तरी, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि आणखी काही दिवस हे चाललं असतं तर आपण इथे बसून बोलत नसतो, हेही.  घरी आल्यावर सासऱ्यांनी उरलेल्या कॅप्सूल आणि बाटली शोधून काढली, कागदात गुंडाळली आणि सुनेच्या हातात दिली.

"तुझ्या नावाने मागितल्या म्हणून आणल्या मी," ते म्हणाले. "नाहीतर विचारलं असतं." मग ते बायकोच्या उशाशी जाऊन बसले आणि तिला कोमट दूध चमच्याचमच्याने पाजायला लागले. तिने चमचा मागितला तर दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने मॅडमना सगळं सांगितलं. हे लपवण्यासारखं नव्हतंच. मॅडमनी डोकं धरलं, मग नियमाप्रमाणे जे करायचं ते केलं. संशोधनाच्या नीतिसमितीला कळवलं, आणि दाता म्हणून सासूबाईंचं नाव काढून टाकलं. जुने नमुने गोठवून ठेवलेले होते. भांडी त्यांवर चालू शकणार होती.

सुनेने हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंना पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. जळजळीने त्या कण्हल्या नव्हत्या, डॉक्टरांच्या बोलण्याने रडल्या नव्हत्या.

"बसस्थानकावरही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "आवाज ठेवून घेतला आणि मला घरी पाठवलं. आता तुम्ही माझी मंडळी ठेवून घेतली."

 सून रात्रभर कूस बदलत राहिली, आणि तिला सारखं वाटत होतं की आई जे विचारत होत्या त्यात संशोधनाचा प्रश्न होता, फक्त तो विचारायची रीत चुकली होती. सकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली तेव्हा तिच्याकडे तो प्रश्न तयार होता.

"मॅडम, हिरवी परत येते का?"

"म्हणजे?"

"काचेच्या पोटात एकदा मेली की संपली, बाहेरून काही येतच नाही तिथे. माणसाच्या पोटात येते का परत? किती दिवसांनी? कशी? आईंचा आधीचा नमुना आपल्याकडे आहे, मधला आहे. आता पुढचे घेतले तर कळेल. त्यांना काही द्यायचं नाही, नुसतं बघायचं."

मॅडमनी पेन्सिल टेबलावर दोनतीनदा आपटली. "समितीला आवडणार नाही. चुकीतून फायदा काढल्यासारखं दिसतं."

"त्यांना विचारून तर बघू."

समितीने बरेच प्रश्न विचारले. सुनेने नात्यातल्या माणसाचे नमुने स्वतः हाताळायचे नाहीत, ते शिट्टीने हाताळायचे. डॉक्टरांनी प्रकृती ठीक असल्याचं लिहून द्यायचं. आणि दात्याने कुठलाही प्रयोग स्वतःवर करायचा नाही, असं ठरलं. शेवटची अट मॅडमनी स्वतः घरी येऊन सासूबाईंना वाचून दाखवली.

"कबूल," सासूबाई म्हणाल्या. आवाज अजून खरखरीत होता, पण सूर परतला होता. "एक विचारू? तुमच्या त्या दुसऱ्या भांड्याचं काय झालं? शहाजिऱ्याच्या?"

"जुन्या नमुन्यावर पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मागाहून मिळालेल्या दुसऱ्या एका दात्याच्या नमुन्यावर मात्र तितकं नाही जमलं."

"का?"

"त्याच्याकडे तुमच्यासारखी हिरवी नव्हती. बहुधा. पण दोन माणसांवरून जगाचं पोट कळत नाही. अजून बरेच लागतील."

सासऱ्यांनी चहा आणून ठेवला आणि ते परत दुकानात जाऊ लागले. मग दारातच थांबले.

"बरेच म्हणजे किती लागतील?" त्यांनी विचारलं, आणि मॅडमनी त्यांच्याकडे अपेक्षेने बघताच घाईने म्हणाले, "नाही, सहज."

पुढचे नमुने शिट्टी स्वतः घरी येऊन घेऊन जायचा. सासूबाईंची आणि त्याची गट्टी जमली. त्या त्याला स्तंभातला प्रत्येक रंग विचारायच्या आणि तो सांगायचा. सुरुवातीला राखाडी पट्टे तसेच राहिले. मग एका स्तंभात हिरव्याची रेघ किंचित जाड झाली. सासूबाईंनी भिंग आणून ती बघितली. कोंड्यासकट धान्य, डाळी, फळं, एवढंच त्या खात होत्या, आणि ते डॉक्टरांनीच सांगितलं होतं. हळूहळू राखाडी मागे सरलं, हिरवा पट्टा रुंदावला. जुन्याइतका नाही, पण ओळख पटावी इतका. रक्ताची तपासणी पहिल्यासारखी झाली. सकाळी पुन्हा घड्याळ लावता येऊ लागलं.

शेवटचा स्तंभ आला तेव्हा शिट्टी आणि सून दोघंही घरी आले. तिघांनी दोन्ही कागद, पहिला आणि शेवटचा, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"सगळी आली?" सासूबाईंनी विचारलं.

"जवळजवळ," सून म्हणाली. "एक नाही आली." तिने पहिल्या स्तंभाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे एक बारीक जांभळी रेघ होती, सहज नजरेतून सुटेल अशी. शेवटच्या स्तंभात ती नव्हती. मधल्या कुठल्याच स्तंभात नव्हती.

"ही कोण?"

"नाव आहे, लांबलचक आहे. पण तिच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही."

"काय करायची ती माझ्यात?"

सुनेने शिट्टीकडे बघितलं. शिट्टीने खांदे उडवले.

"माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित असं काहीतरी, की जे ती गेल्यावरही लगेच लक्षात येत नाही."

सासूबाईंनी तो पहिला कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि त्या बारीक रेघेवर नख टेकवून बसल्या.

"गोठवलेल्या नमुन्यात असेल ना ती अजून?"

"असणार."

"मग तिला एकटीला वेगळं काढता येतं का बघा," त्या म्हणाल्या. "तिला काय आवडतं खायला, तिथून सुरुवात करा."

शिट्टीने खिशातून पेन काढलं आणि रेघेशेजारी एक बाण केला. सून उठून चहाचं आधण ठेवायला गेली, आणि तिथूनच तिला दोघांचं बोलणं ऐकू येत राहिलं. सासूबाई विचारत होत्या, की एखाद्या जंतूला एकट्याने राहणं आवडत नसेल, तर त्याला सोबत कुणाची द्यायची हे कसं ठरवतात.